नातू मस्कतला, दाखले अमळनेरला

पत्र:

मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक. मुलगा सतरा वर्षांपासून मस्कतला एका बांधकाम कंपनीत नोकरीला आहे. नातू तिथल्याच भारतीय शाळेत सीबीएसईच्या बारावीत शिकतो. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि इंग्रजी. दहावीही त्यानं तिथूनच केली. कानबाईच्या सणाला सगळे घरी आले होते, तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. एक नातेवाईक म्हणाले, एनआरआय कोट्यातून सहज होईल. दुसरे म्हणाले, बारावी महाराष्ट्रात नाही म्हणजे इथं काहीच मिळणार नाही. इंजिनीअरिंग की मेडिकल, हे नातवाचं अजून ठरत नाही. आम्ही ओबीसी आहोत. मुलगा दिवाळीला दहा दिवस येणार आहे. माझ्या भाचीची मुलगी दुबईत ब्रिटिश शाळेत ए लेव्हल करते, तिच्याबद्दलही दोन शब्द लिहावेत. आते काय करानं, एवढं सांगा.
आप्पा, अमळनेर

उत्तर:

आप्पा, नमस्कार.

तुमचे दोन्ही नातेवाईक अर्धं अर्धं खरं सांगताहेत. बारावी महाराष्ट्रात नाही म्हणून दार बंद होतं, हे मेडिकलपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. इंजिनीअरिंगला ते लागू नाही. एनआरआय कोटा आहे, हेही खरं. पण तुमच्या नातवासाठी तो शेवटचा पर्याय असावा, कारण त्याच्याकडे त्याहून स्वस्त आणि चांगले दोन-तीन रस्ते आहेत. ते उघडण्याची कागदपत्रं मस्कतला नाहीत, तुमच्या घरात आणि अमळनेरच्या तहसील कचेरीत आहेत. म्हणून हे उत्तर नातवापेक्षा तुमच्यासाठी जास्त आहे.

आधी इंजिनीअरिंगचं पाहू, कारण तिथं तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचे प्रवेश राज्य सीईटी कक्ष कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमधून करतो. त्यात महाराष्ट्राचा उमेदवार कोण, हे ठरवण्याचे ए ते ई असे पाच प्रकार आहेत. ज्याची दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली, तो टाइप ए. तुमचा नातू त्यात बसत नाही आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. पण त्याच्या खालीच टाइप बी आहे. उमेदवार टाइप एमध्ये येत नसेल, पण तो स्वतः, त्याचे वडील किंवा त्याची आई महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि त्यांच्याकडे अधिवासाचा दाखला, म्हणजे आपण ज्याला डोमिसाईल म्हणतो तो असेल, तर उमेदवार महाराष्ट्राचाच धरला जातो. नातू मस्कतला वाढला म्हणून त्याला स्वतःचा दाखला मिळणार नाही, कारण त्यासाठी राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आई-वडिलांपैकी एकाचा दाखला पुरतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरातली जुनी पेटी उघडा. तुमच्या मुलानं किंवा सुनेनं वीस-बावीस वर्षांपूर्वी कॉलेजला प्रवेश घेताना डोमिसाईल काढलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. या दाखल्याला मुदत नसते, जुना असला तरी चालतो. फक्त तो स्वच्छ वाचता येईल असा हवा आणि त्यावरचं नाव आजच्या पासपोर्टशी जुळायला हवं. सापडला, तर निम्मी लढाई झाली.

नाही सापडला, तर नवा काढावा लागेल आणि तिथं थोडी मेहनत आहे. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून होतो, पण मुलगा सतरा वर्षं बाहेर असल्यानं आजचा रहिवास विचारला जाणारच. त्यानं मस्कतला जाण्याआधी इथं काढलेली वर्षं कागदावर सलग दिसली पाहिजेत. प्राथमिक शाळेचा दाखला, हायस्कूलचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजचा बोनाफाईड, जन्माची नोंद, रेशनकार्डावरचं नाव, घरपट्टीची पावती, सातबारावर नाव असेल तर तो उतारा, आणि तलाठ्याचा रहिवासी दाखला. शाळेची वर्षं एकामागून एक लावली की बहुतेक वेळा १५ वर्षं तिथंच भरतात. सुनेचं माहेर आणि शिक्षण महाराष्ट्रातलं असेल, तर तिचाही अर्ज बरोबरच टाका. दोघांपैकी एकाचा मिळाला तरी काम होतं. दाखला हाती यायला कायद्यानं १५ दिवस धरले आहेत. जूनमध्ये मात्र अख्खा तालुका एकाच वेळी सेतूवर येतो, सर्व्हर रेंगाळतं आणि पंधराचे पंचवीस दिवस होतात. म्हणून हे काम आत्ता, भाद्रपदातच सुरू करा.

दाखला अमळनेरचा असण्याचा आणखी एक फायदा आहे. टाइप बीच्या उमेदवाराचं होम युनिव्हर्सिटी क्षेत्र आई-वडिलांच्या अधिवासावरून ठरतं. अमळनेरचा दाखला म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. होम युनिव्हर्सिटीच्या जागा जिथं राखलेल्या असतात, तिथं पुण्या-मुंबईच्या मुलांशी थेट स्पर्धा कमी होते. या क्षेत्रातलं कॉलेज पसंतीत लिहायचं असेल, तर हे लक्षात ठेवा. शिरपूरला नरसी मोनजीचं कॅम्पस आहे, पण ते अभिमत विद्यापीठ आहे. त्यांची परीक्षा आणि अर्ज वेगळे असतात, कॅपच्या यादीत ते शोधू नका.

टाइप बीतून यायचं म्हटलं की एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते आणि ती द्यायला भारतात यावं लागतं. भौतिक-रसायन-गणित (पीसीएम) गटाचा पेपर असा: भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पुन्हा ९० मिनिटं. एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. सीबीएसईची मुलं इथं दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य मंडळाचा असतो, अंदाजे २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा, आणि अकरावीचे ठरावीकच धडे असतात. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. नातवानं एनसीईआरटीचं पुस्तक शेजारी ठेवून जे धडे किंवा सूत्रं वेगळी आहेत तेवढीच खुणावून घ्यावीत, सगळं पुन्हा वाचत बसू नये. दुसरं म्हणजे वेग. जेईईसाठी, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेसाठी, तयारी केलेला मुलगा एका प्रश्नावर चार मिनिटं घालवायला शिकलेला असतो. इथं भौतिक-रसायनला प्रश्नामागे एक मिनिटही मिळत नाही. डिसेंबरपासून आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवला, तरच हात बसतो.

आता राष्ट्रीय पातळीवरच्या कॉलेजांचं. त्यासाठी जेईई मेन. ती जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते, मस्कतला तिचं केंद्र असतं. दोन्ही वेळा दिली तर चांगला स्कोअर धरला जातो. या एका परीक्षेवर नातवासाठी तीन वेगळ्या यादी उघडतात आणि त्या वेगळ्या आहेत हेच लोकांना माहीत नसतं.

पहिली यादी जोसाची, म्हणजे एनआयटी आणि ट्रिपल आयटी यांची सर्वसाधारण प्रवेश प्रक्रिया. तिथं एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात. राज्य कोणतं, हे बारावी कुठून झाली यावर ठरतं. पण बारावी परदेशातून झालेल्या भारतीय मुलांसाठी पासपोर्टवरचा भारतातला कायमचा पत्ता पाहतात. त्यामुळे नातवाचा पासपोर्ट आजच मागवून पाहा. पत्ता अमळनेरचा असेल, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तो महाराष्ट्राचा मुलगा धरला जाईल. मस्कतच्या वकिलातीत नूतनीकरण करताना कधी काळी दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा पत्ता टाकला असेल, तर राज्यही तेच ठरेल. पत्ता बदलायचा असेल तर अर्ज भरण्याआधी बदला. जोसासाठी बारावीत ७५ टक्के लागतात, किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्के आहे, ओबीसींसाठी मात्र ७५च.

दुसरी यादी 'डासा'ची (DASA), म्हणजे परदेशात शिकणाऱ्यांच्या थेट प्रवेश योजनेची. फी डॉलरमध्ये आणि भरपूर. त्याच डासाच्या आत तिसरी यादी आहे, ती आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी. तिला सीआयडब्ल्यूजी म्हणतात. ओमान त्यात येतं. संयुक्त अरब अमिरात, बहरीन, कतार, कुवेत, सौदी अरेबिया, इराण आणि इराकही येतात. तिथं फी साधारण देशातल्या मुलांइतकीच आकारली जाते. कागदपत्रं वडिलांची लागतात: रेसिडेन्सी कार्ड, पासपोर्ट, कंपनीचं नोकरीचं पत्र. आणि मुलाचं शिक्षण परदेशात झाल्याचा शाळेचा दाखला. आखातातल्या कित्येक पालकांना डासाचं नाव ठाऊक असतं आणि सीआयडब्ल्यूजीचं नसतं, म्हणून ते डॉलरची फी ऐकून परत फिरतात. तुमच्या मुलाला हे नाव अर्जात कुठं निवडायचं ते दाखवून द्या. नोकरी आखातातली असतानाच हा हक्क आहे, म्हणून वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून परत यायचा विचार असेल तर प्रवेशाचं वर्ष संपेपर्यंत थांबलेलं बरं.

महाराष्ट्राच्या कॅपमध्येही जेईईचा उपयोग होतो. खासगी कॉलेजांत अखिल भारतीय जागा १५ टक्के असतात आणि त्या जेईई मेनवर भरतात. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ५ टक्के एनआरआय जागा असतात. त्याशिवाय मंजूर संख्येच्या वरच्या १५ टक्के जागांमधला एक तृतीयांश हिस्सा आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी राखलेला असतो. एनआरआय जागेसाठी सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर काम होतं. पण फी जास्त असते आणि पहिल्या वर्षी एनआरआय म्हणून आत आलेला मुलगा पदवी होईपर्यंत तीच फी भरतो. आरक्षणही तिथं चालत नाही. म्हणूनच सुरुवातीला तिला शेवटचा पर्याय म्हटलं.

आता मेडिकल. इथं मनाला लागेल असं लिहावं लागणार आहे, पण तुम्हाला ते आत्ताच कळलेलं बरं. महाराष्ट्रातल्या एमबीबीएस आणि बीडीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावं लागतं. सरकारी नोकर आणि सैन्यदलातल्या लोकांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी नोकरीवर परदेशी गेलेल्यांच्या मुलांना नाहीत. वडिलांचं डोमिसाईल इथं उपयोगाला येत नाही. "मग बारावीला त्याला अमळनेरला आणू" असा विचार कुणी मांडला, तर तोही सोडा. दहावी मस्कतची असल्यानं अट तरीही पूर्ण होत नाही आणि मुलाचं ऐन वर्ष मात्र विस्कटतं.

मग राहतं काय? देशभरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागाही त्यात येतात. म्हणजे नातू घराजवळ शिकू शकतो, पण त्याला सगळ्या देशाशी स्पर्धा करून तिथं यावं लागेल. याखेरीज एम्स आणि जिपमर या केंद्राच्या संस्था, अभिमत विद्यापीठं, आणि खासगी कॉलेजांतला संस्था व एनआरआय कोटा. अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांतले हे कोटे यांचा खर्च घर गहाण टाकण्याच्या पातळीचा असतो. या सगळ्यांसाठी 'नीट' ही एकच प्रवेश परीक्षा. आमचं स्पष्ट मत असं: नातवाचे सराव चाचण्यांतले गुण अखिल भारतीय कोट्याच्या जवळपास नसतील, तर मेडिकलचा हट्ट न धरता गणिताकडे पूर्ण लक्ष द्यावं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा मुलगा एप्रिलपर्यंत दमून जातो. निर्णय दिवाळीपर्यंत त्यानं घ्यावा, तुम्ही सगळ्यांनी फक्त ही माहिती त्याच्यापुढं ठेवावी.

तरीही नीट द्यायचीच असेल, तर केंद्राचा विचार शांतपणे करा. मस्कतला नीटचं केंद्र असतं, पण परदेशी केंद्राचं शुल्क अलीकडच्या वर्षांत ९,५०० रुपये आहे, भारतातल्या खुल्या वर्गाच्या १,७०० रुपयांच्या पाचपटीहून जास्त. शिवाय नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते आणि एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये. मस्कतला नीट आणि जळगावला सीईटी असं ठेवलं, तर नातू पंधरवड्यात दोनदा विमानात बसेल आणि त्यातही शेवटचा आठवडा वाया जाईल. म्हणून आमची मांडणी अशी आहे: जेईईच्या दोन्ही परीक्षा मस्कतला, कारण एप्रिलच्या सुरुवातीला सीबीएसईचे शेवटचे पेपर तिथंच चालू असू शकतात. ते संपले की नातवानं मुंबईमार्गे घरी यावं. सीईटी आणि नीट दोन्हींचं केंद्र जळगाव किंवा धुळे ठेवावं. मस्कतच्या वातानुकूलित वर्गातून आलेल्या मुलाला आपल्या वैशाखाची सवय लागायला आठवडा तरी हवा, परीक्षेच्या आदल्या दिवशी उतरवू नका. मस्कतचंच केंद्र घेतलं, तर एवढं लक्षात ठेवा की तिथलं घड्याळ दीड तास मागं आहे. भारतात दुपारी २ वाजता सुरू होणारा पेपर तिथं साडेबाराला सुरू होतो आणि गेट बाराला बंद होतं. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, रविवार कामाचा. मुलाला रजा आधी टाकायला सांगा.

ओबीसीचं. राज्याच्या कॅपमध्ये टाइप बीच्या मुलाला आरक्षण मिळतं, पण तीन कागद लागतात. एक, नातवाच्या स्वतःच्या नावाचा जातीचा दाखला, प्रांत कार्यालयातून. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तुमचा स्वतःचा किंवा तुमच्या वडिलांचा जिल्हा परिषद शाळेचा जुना दाखला इथं सोन्याच्या मोलाचा आहे. त्यावर जात स्पष्ट लिहिलेली हवी. नसेल तर गावच्या कोतवाल बुकातली नोंद काढा. दोन, जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, जळगावच्या पडताळणी समितीकडून. घरात तुमच्या मुलाची, पुतण्याची, कुणाचीही व्हॅलिडिटी आधी झालेली असेल, तर तिची प्रत जोडा, काम खूप सोपं होतं. इथली मुलं कॉलेजच्या पत्रासह अर्ज करतात, नातवाला मस्कतच्या शाळेचं बोनाफाईड लागेल, ते आत्ताच मागवा. या कामाला महिने लागतात. तीन, नॉन-क्रीमीलेयर. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे. मुलाचा पगार आणि हुद्द्याची कागदं घेऊन तहसील कार्यालयात आधीच विचारा, दाखला मिळेल की नाही हे तिथंच स्पष्ट करून घ्या. मिळणार नसेल, तर खुल्या वर्गातून अर्ज भरायचा, उगाच आशेवर ओबीसी लिहून पुढं यादीतून घसरायचं नाही. मुदतीत कागद दिला नाही तर उमेदवार आपोआप खुल्या वर्गात जातो. आणि जेईई-नीटसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा असतो. राज्याचा दाखला अपलोड करून अर्ज अडकलेली मुलं दरवर्षी असतात.

आता नावांची गडबड, जिच्यामुळे सगळ्यात जास्त अर्ज तपासणीत परत येतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर उलटा क्रम. सीबीएसईच्या प्रमाणपत्रावर कधी वडिलांचं नाव आडनावाशिवाय. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलं जातं आणि एकाच घरात चारही प्रकार सापडतात. एक कोरा कागद घ्या आणि नातवाचं, मुलाचं, सुनेचं नाव पासपोर्ट, आधार, दहावी प्रमाणपत्र, डोमिसाईल आणि जातीचा दाखला या पाच कागदांवर अक्षर-अक्षर कसं आहे ते एकाखाली एक लिहा. परीक्षांच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच नाव भरायचं. आधार दहावीशी जुळवून घ्यायचं, कारण आधार दुरुस्त होणं सोपं असतं. सीबीएसईची दुरुस्ती शाळेमार्फतच होते आणि वेळखाऊ आहे. वडिलांच्या नावातला फरक लहान असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं, ते दिवाळीत मुलगा आला की करून ठेवा.

आधारचं आणखी. परीक्षांच्या नोंदणीतच ते विचारतात. नातवाचं नसेल, तर भारतीय पासपोर्ट दाखवून इथं आल्यावर लगेच काढता येतं, १८२ दिवस राहण्याची अट आता परदेशस्थ भारतीयांना नाही. असेल, तर १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा दिलेत का ते पाहा. नसतील तर नातवाला स्वतःच यावं लागेल, तुम्ही जाऊन होणार नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत चार दिवस जमवा.

मोबाईलचंही तसंच. बहुतेक ओटीपी भारतीय क्रमांकावर येतात. क्रमांक तुमचा दिला, तर मस्कतला रात्री अर्ज भरणारा नातू तुम्हाला उठवेल आणि ओटीपीची वेळ निघून जाईल. मुलाच्या नावानं एक भारतीय सिम घ्या, रोमिंग चालू करा, ते मस्कतलाच राहू द्या आणि प्रवेश होईपर्यंत रिचार्ज संपू देऊ नका. सगळ्या अर्जांना हाच क्रमांक आणि एकच ई-मेल. फोटोही सगळीकडे एकच: पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसतात, चेहऱ्यानं चौकटीचा बराच भाग व्यापलेला. त्याच्या दहा प्रती काढून दोन तुमच्याकडे ठेवा.

दिवाळीतलं वेळापत्रक पाहा. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कचेऱ्या बंद असतात. मुलाचे दहा दिवस तसेच घरी गेले, तर त्याच्या सहीची कामं राहतील. त्याला धनत्रयोदशीच्या चार-पाच दिवस आधी यायला सांगा. अर्ज तुम्ही आत्ताच ऑनलाइन टाकून ठेवले, तर तो आल्यावर फक्त सही, प्रतिज्ञापत्र आणि प्रत्यक्ष हजेरी एवढंच उरेल.

मे महिन्याच्या मध्यावर बारावीचा निकाल लागतो. गुणपत्रिका आणि मायग्रेशन (मंडळ बदलाचा दाखला) डिजिलॉकरवर येतात, पण कॉलेज प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतं. शाळेनं तो दिला की भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घेऊनच मस्कत सोडायचं. एकदा इकडे आलं की त्या शिक्क्यासाठी पुन्हा कुणाला तरी पाठवावं लागतं. मायग्रेशन जपा, दुसऱ्या मंडळातून आलेल्या मुलाची पात्रता विद्यापीठ त्यावरच पक्की करतं.

जून-जुलैमध्ये कॅपची नोंदणी सुरू होते. कागद अपलोड करून ई-तपासणी घेता येते किंवा जवळच्या सुविधा केंद्रात मूळ कागद दाखवून. तुमच्यासारखी तीन-चार प्रकारची कागदं असतील तर सुविधा केंद्र बरं, चूक जागच्या जागी कळते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की ती डोळ्यांत तेल घालून पाहा: टाइप बी लिहिलंय का, होम युनिव्हर्सिटी बरोबर आहे का, प्रवर्ग बरोबर आहे का. हरकत नोंदवायला दोन-तीनच दिवस असतात आणि अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही. पसंतीक्रम भरताना पहिलं नाव विचारानं लिहा. अलीकडच्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. जवळचं आणि ओळखीचं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं, तर मागून पुण्याची आशा करता येत नाही.

इंजिनीअरिंग-मेडिकल नकोच असं त्यानं ठरवलं, तर दिल्ली किंवा बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा लागते आणि तिचीही परदेशात केंद्रं असतात. बीबीए-बीसीएला सरळ प्रवेश मिळतो असं समजू नका, राज्यात २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. बीएस्सी, बीकॉम, बीएला मात्र अमळनेरचं प्रताप किंवा जळगावचं मूळजी जेठा अशा कॉलेजांत निकालानंतर अर्ज भरून काम होतं.

भाचीच्या मुलीबद्दल. ए लेव्हलला, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या बारावीला, भारतीय विद्यापीठ संघाचं, म्हणजे एआययूचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं, सीबीएसईला ते लागत नाही. त्यासाठी आयजीसीएसईचे (त्या पद्धतीच्या दहावीचे) किमान पाच विषय आणि ए लेव्हलचे किमान तीन विषय उत्तीर्ण असावे लागतात. इंजिनीअरिंगला जायचं असेल तर त्या तिनांत भौतिक आणि गणित हवेतच, तिसरा शक्यतो रसायन. तिची खरी अडचण तारखेची आहे. मे-जूनच्या ए लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो, तोवर इकडच्या फेऱ्या पुढं गेलेल्या असतात. शाळेनं दिलेले अंदाजे ग्रेड कॅपमध्ये चालत नाहीत. शाळेला विचारून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात परीक्षा देता येते का पाहा, तो निकाल जानेवारीत येतो आणि एआययूच्या अर्जाला वेळ मिळतो. ते शक्य नसेल, तर तिनं अंतिम निकाल उशिरा स्वीकारणाऱ्या खासगी विद्यापीठांशी आत्ताच लेखी बोलून ठेवावं.

आणि एक. आखातातल्या शहरांत दर हिवाळ्यात प्रवेश मेळावे भरतात, तिथं एजंट "सीट पक्की" म्हणून आगाऊ रक्कम मागतात. कॅपची, जोसाची किंवा डासाची जागा कुणीही पक्की करून देऊ शकत नाही. पैसे फक्त त्या-त्या प्रक्रियेच्या अधिकृत पोर्टलवर किंवा कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. मुलाला हे फोनवर आज रात्रीच सांगा आणि उद्या सकाळी ती जुनी पेटी उघडा.